एकशे वीसची रेघ

आत्याने ओळंब्याची दोरी चौकटीवरच्या खिळ्याला अडकवली, खालचे वजन डुलायचे थांबेपर्यंत वाट पाहिली आणि मग पोलादी पट्टी त्या दोरीच्या अगदी लगत धरून चिकटपट्टीने दोन ठिकाणी बसवली. मागे भाचरांची रांग उभी होती. रांगेच्या मागे तीन भाऊ, त्यांच्या तीन बायका आणि खुर्चीत त्यांचे वडील अण्णा, असे सगळे घर हातातली कामे टाकून जमले होते. ओळंबा पुन्हा एकदा चौकटीला टकटकला, तसा थोरल्या दादाचा धीर सुटला.

"अगं, पोरांची उंची मोजायचीय. पूल नाही बांधायचा."

"चौकट डावीकडे झुकलीय," आत्या म्हणाली. "घरमालकाला सांगून थकले."

"आणि झुकली म्हणून काय फरक पडणार आहे?"

"अर्धा मिलिमीटर."

दादाने अण्णांकडे पाहिले. अण्णांनी छताकडे पाहिले.

आत्या गेली एकोणीस वर्षे तोलमापाच्या प्रयोगशाळेत होती. दुकानांतले काटे, कापडवाल्यांच्या मीटरपट्ट्या, दवाखान्यांतले तापमापक तिच्या टेबलावर येत. ती त्यांतला खोटेपणा शोधून काढी, त्याला आकडा देई आणि खाली सही करी. तिच्या पसंतीला एकही स्थळ दशांशापर्यंत उतरले नाही, ही मधल्या भावाची कोटी घरात केव्हाच जुनी झाली होती. मनोरंजन नगरीच्या सहलीचा बेत तिच्याकडे सोपवला गेला, तोही या काटेकोरपणापायी. तेरा माणसांना एका दिवसासाठी तिथे नेऊन परत आणणे हे त्या घराच्या ऐपतीत बसत नव्हते. ते बसवून दाखवण्याचे काम तिच्याकडे आले होते.

तीन आठवड्यांत तिने चार बेत रचले आणि तीन फाडले. रविवारचा बेत दरामुळे फाटला, मुक्कामाचा बेत खोल्यांमुळे, आणि दोन गटांत जाण्याचा बेत दादाने ऐकूनच घेतला नाही. "दोन गटांत जायचं तर जायचंच कशाला?" असे म्हणून तो अंगणात जाऊन उभा राहिला होता. कारण सगळ्यांना ठाऊक होते. धाकटा भाऊ येत्या शनिवारी बायकोमुलींसह समुद्रापलीकडच्या नोकरीवर चालला होता आणि करार पाच वर्षांचा होता. त्याची खोकी बोळात छातीइतकी रचून झाली होती. न्हाणीघरात जायचे तर अंग चोरून जावे लागे. सहल खरे तर गेल्या वर्षीच व्हायची होती. दोन दिवस आधी अण्णा न्हाणीघरात घसरले, खुब्यात पट्टी बसली आणि सहल राहिली. यंदा राहिली तर पाच वर्षांनी अण्णांचे वय काय असेल, हा हिशेब आत्याने केला होता आणि कोणाला सांगितला नव्हता.

उरला होता तो चौथा बेत. बुधवारी गर्दी नसल्यामुळे दर उतरत, आणि बारा तिकिटे एकदम घेतली तर आणखी उतरत. धाकट्याचे तान्हे बाळ फुकट, उरलेले बरोबर बारा. एकही माणूस गळून चालणार नव्हते.

"मी त्या पाळण्यांत बसणार नाही," अण्णा म्हणाले होते. "दिवसभर बाकावर बसायला मला तिकीट कशाला?"

"तुम्ही बसायला येतच नाही आहात, अण्णा. तुम्ही बारावे आहात."

या बारांपैकी नऊ पूर्ण तिकिटे, तीन अर्धी. अर्धे तिकीट उंचीवर होते: एकशे वीस सेंटिमीटरच्या आत अर्धे, त्यावर पूर्ण. घरातल्या पाकिटात चौघांनी टाकलेले पैसे एवढ्यालाच पुरत. एक अर्धे पूर्ण झाले की सर्वांचे दुपारचे जेवण गळत होते, आणि डबे फाटकावरच काढून घेतात असे मधल्याने चौकशी करून आणले होते. नोंदणी उद्या रविवारी दुपारी बाराला बंद होणार होती. म्हणून आज संध्याकाळी हा ओळंबा.

"पुढे या. जुळे आधी."

मधल्याचे सात वर्षांचे जुळे पुढे आले. त्यांना बापाने दोन दिवस पढवले होते, हे त्यांच्या चेहऱ्यावरच लिहिलेले होते. पहिला चौकटीला टेकला आणि सावकाश, एखादी लिफ्ट उतरावी तसा, दोन बोटे खाली गेला.

"गुडघे."

"सरळच आहेत, आत्या."

"तुझ्या बापाचेही असेच सरळ असायचे. ताठ हो."

सुताराचा गुण्या तिने त्याच्या डोक्यावर ठेवला, आडवी बाजू टाळूला, उभी बाजू पट्टीला. एकशे एकोणीस पूर्णांक एक. दुसरा एकशे एकोणीस पूर्णांक चार. मधल्याने दीर्घ श्वास सोडला आणि आपल्या बायकोकडे असे पाहिले, जणू पोरांना तिथेच थांबवण्यात त्याचाच हात होता.

धाकट्याची मुलगी नऊ वर्षांची. तिला घरात जिराफ म्हणत. तिचा प्रश्नच नव्हता, तरी आत्याने मोजले, कारण मोजायचे तर सगळ्यांना. एकशे छत्तीस. जिराफ बाजूला झाली आणि आपल्या चुलतबहिणीला तिने हलकेच पुढे ढकलले.

ही दादाची एकुलती एक, मुंगी. दोघींच्या जन्मात अकरा दिवसांचे अंतर होते आणि मुंगी त्यात मोठी. शाळेत दोघी एका बाकावर, घरात एका पांघरुणात. त्या मनोरंजन नगरीत वेडा साप नावाची एक गाडी होती; ती रुळांवरून उलटी होत धावे, आणि तिच्या सर्वांत पुढच्या आसनावर दोघींनी शेजारी बसायचे हे त्यांनी गेल्या सहा महिन्यांत इतक्या वेळा ठरवले होते की आता घरात कोणी ते ऐकतही नसे. वेड्या सापात बसायला उंची लागे एकशे वीस. तीच रेघ. रेघेच्या खाली अर्धे तिकीट, रेघेच्या वर साप.

"हनुवटी खाली," आत्या म्हणाली.

"माझी मान आपोआप वर जाते."

"मान वर केल्याने माणूस वाढत नाही."

मुंगीने श्वास रोखून धरला. गुण्या टेकला. आत्याने वाकून, एक डोळा मिटून आकडा वाचला.

"एकशे अठरा पूर्णांक तीन."

"वा रे माझी मुंगी!" दादाने टाळी वाजवली. "बाराच्या बारा बसली! घराला तारलंस बघ."

"हिला पुढची दहा वर्षं अर्ध्यातच फिरवू," मधला म्हणाला. "लग्नाचं तिकीटसुद्धा अर्धं."

सगळे हसले. मुंगीची आई, थोरली वहिनी, तेवढी हसली नाही. गॅसवर काहीतरी आहे असे पुटपुटत ती आत गेली. मुंगी चौकटीला तशीच टेकून उभी होती.

"परत मोज ना, आत्या. पट्टी चुकली असेल."

"आत्याची पट्टी चुकत नाही, बाळा," अण्णा म्हणाले. "एक वेळ सूर्य चुकेल."

हेही घरातले जुनेच वाक्य होते. ते ऐकले की विषय संपला असे सगळे समजत.

पांगापांग झाल्यावर आत्या वही घेऊन बसली. गेल्या वर्षीच्या सहलीच्या वेळीही तिने हीच मोजणी केली होती. चौकटीवरच्या पेन्सिलीच्या खुणा घरमालकाने रंग मारून पुसल्या होत्या, पण वहीत सगळे होते. तिने नवे रकाने आखले: आजची उंची, चौदा महिन्यांपूर्वीची, फरक, शेरा. जुळ्यांचे फरक सहाच्या आसपास भरले. जिराफ गेल्या वर्षी एकशे एकोणतीस पूर्णांक दोन होती. फरक सहा पूर्णांक आठ. मग तिने मुंगीचा जुना आकडा वाचला आणि पेन्सिल खाली ठेवली.

एकशे अठरा पूर्णांक तीन.

पहिला संशय तिला स्वतःच्या हाताचा आला. प्रयोगशाळेत दोन वर्षांचे आकडे दशांशापर्यंत जुळले, तर मोजणाऱ्याने मोजलेच नाही, जुने उतरवून काढले, असे धरले जाई. पण जुने पान तिने मोजणी झाल्यावर, आत्ताच उघडले होते. दुसरा संशय पट्टीचा. पट्टीचे प्रमाणपत्र पाकिटात होते, सही तिचीच. हवा दहा अंशांनी तापली तर मीटरभर पोलाद केसाच्या जाडीएवढे वाढते, आणि हवा तर थंड होती. थंडीवरून तिला मोजे आठवले. फरशी गार म्हणून पोरे मोजे काढायला तयार नव्हती, आणि मोज्याची जाडी सगळ्यांना सारखीच म्हणून तिने ते चालवून घेतले होते. असे ती टेबलावर कधीही चालवून घेत नसे.

मुंगी बोळात खोक्यांच्या मागे होती. जिराफही तिथेच होती आणि दोघी एकदम गप्प झाल्या.

"मोजे काढ," आत्या म्हणाली.

"का?"

"काढ."

मुंगीने जिराफकडे पाहिले. मग खाली बसून मोजे काढले. दोन्हींतून खोक्याच्या पुठ्ठ्याचे टाचेएवढे तुकडे पडले, प्रत्येकी दोन. कात्रीने नीट गोलाई दिलेली होती. वरच्या तुकड्यावर, ही बाजू वर असे दाखवणारा बाण अर्धा कापला गेला होता.

आत्याने ते उचलले. तिच्या बोटांना जाडी न मोजताही कळली: सात मिलिमीटर. सबंध संध्याकाळ ती कमी दाखवण्याची लबाडी पकडत होती. या घरात कोणी जास्त दाखवायला बघेल, हे तिला सुचलेच नव्हते.

"बाबांना सांगू नकोस," मुंगी म्हणाली. "मला माहितीय, जास्त भरले तर जेवण जातं. मी जेवणार नव्हते. माझ्यातलं कापा म्हणणार होते."

"मी पण," जिराफ म्हणाली. "मी एकटी नाही बसणार सापात. शेजारी कोणीतरी अनोळखी माणूस बसेल आणि ओरडेल."

"गेल्या वर्षीही असंच केलं होतंस?"

"नाही. तेव्हा मला सापाचं माहीतच नव्हतं."

म्हणजे आज खरी उंची एकशे सतरा पूर्णांक सहा. गेल्या वर्षीपेक्षा कमी. नऊ वर्षांचे माणूस आटत नाही, हे आत्याला ठाऊक होते, आणि म्हणून क्षणभर तिला हायसे वाटले: जो आकडा अशक्य आहे, त्यात चूक असते. तिने वही पुन्हा पाहिली. गेल्या वर्षीची वेळ लिहिलेली होती, सकाळी सव्वासात. आता संध्याकाळचे सहा वाजून गेले होते. दिवसभराच्या उभे राहण्याने पाठीचा कणा दबतो आणि माणूस संध्याकाळी सकाळपेक्षा थोडा ठेंगणा भरतो.

"उद्या सकाळी मोजू," ती म्हणाली. "उठल्याउठल्या. सकाळी माणूस उंच असतो."

मुंगीचे डोळे चमकले. "खरंच? किती?"

"अर्धा सेंटिमीटर. फार तर एक."

मुंगीने बोटांवर काहीतरी केले आणि तिचा चेहरा पुन्हा उतरला. पण जिराफ हार मानणाऱ्यांतली नव्हती. जेवायच्या वेळेपर्यंत दोघी बाहेरच्या खोलीत होत्या. मुंगी जमिनीवर उताणी, हातांनी पलंगाचा पाय धरून, आणि जिराफ तिचे घोटे धरून सगळ्या ताकदीने ओढते आहे. अण्णा खुर्चीतून एक, दोन, तीन मोजून देत होते. त्यांना तो खेळ वाटला.

रविवारी सकाळी सात वाजता आत्या तिला उठवायला गेली तेव्हा ती जागीच होती, छताकडे तोंड करून, हात अंगाला चिकटवून.

"मी बसलेपण नाहीये," ती कुजबुजली. "उचलून ने. चालले तर दबेन."

आत्याने तिला उचलले. वीस किलोचे प्रमाण वजन ती रोज टेबलावरून उचलून काट्यावर ठेवी. त्याच सवयीने तिचे हात वाकले आणि त्याच सवयीने, काही न विचारता, त्यांनी उत्तरही दिले: वीसला कमीच. तिने मुंगीला चौकटीशी उभे केले. पाय उघडे. ओळंबा स्थिर.

एकशे अठरा पूर्णांक तीन. गुण्या उचलून पुन्हा ठेवला: अठरा पूर्णांक दोन. तिसऱ्यांदा, तीन. तिने दप्तरातून दुसरी पट्टी काढली, पहिलीशी लावून पाहिली. रेघेला रेघ जुळत होती. हात, पट्टी, मोजे, वेळ. एकेक चूक तिने काढून बाजूला ठेवली, आणि शेवटी जे उरायचे ते उरले. चौदा महिने, त्याच घरात, त्याच ताटातले खाऊन, एक पोर सात सेंटिमीटर वाढली होती आणि तिच्यापेक्षा अकरा दिवसांनी मोठी असलेली दुसरी शून्य.

"झाले का वीस?"

"हलू नकोस जरा," आत्या म्हणाली, मोजून झालेले असतानाही.

स्वयंपाकघराच्या दारात वहिनी उभी होती. हात ओले होते आणि ते पुसायचे तिला सुचत नव्हते.

"किती?"

"अठरा पूर्णांक तीन."

"म्हणजे अर्धंच तिकीट."

"हो." आत्याने वही उघडून तिच्यापुढे धरली. "वहिनी, तुम्ही हे एकदा बघा. हा गेल्या वर्षीचा रकाना, हा..."

वहिनीने वहीकडे पाहिले नाही. ती आत गेली आणि मुंगीच्या शाळेचे बूट घेऊन आली. काळे, टाचेशी झिजलेले, पण पॉलिश करून ठेवलेले.

"हे मागच्या वर्षी शाळा सुरू होताना घेतले," ती अगदी हळू म्हणाली. "वाढत्या अंगाचे म्हणून अंगठ्यापुढे बोटभर जागा ठेवून. दर महिन्याला दाबून बघते मी." तिने अंगठा बुटाच्या टोकावर दाबला. कातडे आत गेले. "ती जागा अजून तशीच आहे."

आत्याने त्या खड्ड्यावर आपलाही अंगठा दाबून पाहिला.

"जिराफला दोनदा नवे घेतले ना धाकट्यांनी. मी म्हटलं, आपलं बरं आहे. एक खर्च वाचला." वहिनीने बूट छातीशी धरले. "कोणी विचारलं की मीच सांगायचे, आमच्या माहेरी सगळे बुटकेच. सगळ्यांना सांगितलं. तू नाही विचारलंस कधी, नाहीतर तुलाही सांगितलं असतं."

"मी विचारायला हवं होतं. माझं ते कामच आहे."

"यावर काही असतं का गं? औषध वगैरे?"

"असतं पुष्कळदा. कारण सापडलं तर." आत्याने शब्द निवडून ठेवले. "कारण काय, ते मला सांगता येणार नाही. मला फक्त मोजता येतं."

बाहेरून दादाचा आवाज आला. तो अंगणात फोन हातात धरून येरझाऱ्या घालत होता. रात्रभर त्याला झोप नसावी; डोळे तांबारलेले होते आणि दाढी अर्धीच झालेली होती.

"अगं, काय ठरलं? बाराला बंद होतंय ते! मग पुन्हा माझ्या नावाने शंख करू नका. भरू का? नऊ आणि तीन?"

आत्या वहिनीकडे पाहत राहिली. वहिनीने बूट खाली ठेवले, जोडीने, टाचा जुळवून. मग पदराने हात पुसले.

"भरा," ती मोठ्याने म्हणाली. "नऊ आणि तीन."

"शंभर टक्के ना? मुंगी नक्की तीनांत?"

"नक्की."

बाहेर अण्णा काहीतरी म्हणाले आणि दादा कितीतरी दिवसांनी मोकळेपणाने हसला. वहिनी ते हसणे संपेपर्यंत थांबली.

"त्यांना बुधवारनंतर सांगू," ती म्हणाली. "भावाभावांचे एकत्र दोन दिवस आहेत, ते सुखात जाऊ देत." आणि मग, "बुधवारची रजा टाकलीस ना तू?"

"टाकलीय."

"उद्याचीपण टाक. मला त्यातलं काही कळत नाही. कुठे न्यायचं, कोणाला दाखवायचं, ते तू बघ."

"बघते."

चौकटीशी मुंगी अजून ताठ उभी होती. हलू नकोस म्हटले होते, म्हणून ती हलली नव्हती. फक्त डोळे एकीकडून दुसरीकडे फिरत होते.

"उद्या कुठे जायचंय?"

"उंची मोजायला," वहिनी म्हणाली.

"पण आत्ता मोजली ना." तिने मान न वळवता, डोळ्यांच्या कोपऱ्यातून शेजारच्या पट्टीकडे पाहिले. तिच्या डोक्यापासून एकशे वीसची रेघ जेमतेम बोटभर वर होती. तिच्या आवाजात सावकाश एक आशा चढली. "म्हणजे ही पट्टी चुकते?"

ओळंबा स्थिर होता. दोन्ही पट्ट्या रेघेला रेघ लागून उभ्या होत्या. आत्याने वाकून एकीची चिकटपट्टी सोडवली, पोलाद हातात घेतले आणि त्यावरचा आपलाच शिक्का अंगठ्याखाली झाकला.

"चुकत असेल," ती म्हणाली.